दुर्रीनं एक्का मारला तर?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात. गणपतीला मुंबई-पुण्याहून सगळे आले की घरात अकरा माणसं होतात. रात्री भजन आटोपलं की पडवीत पत्ते बसतात. वर्षानुवर्षं एकच खेळ, मेंढीकोट. चौघं खेळतात, बाकीचे बघतात आणि मुलं मोबाइल घेऊन माजघरात जातात. गेल्या वर्षी माझ्या तेरा वर्षांच्या पुतण्यानं सुचवलं, "दुर्रीनं एक्का मारायचा असा नियम करूया." थोरल्या काकांनी, म्हणजे सासऱ्यांच्या भावानं, हातातली पानं खाली टाकली. "हो खेळ नाय, पोरखेळ आसा," म्हणाले आणि उठून गेले. तेव्हापासून पुतण्या पत्त्यांना बसलेला नाही. सासऱ्यांना पानांवरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तेही बसत नाहीत. दीर म्हणतात, थोडे पैसे लावूया म्हणजे सगळे येतील. मला वाटतं, खेळायच्या नव्या तऱ्हा आपणच काढाव्यात. पण काकांना न दुखवता हे जमेल का? गणपती महिन्यावर आलेत.

— एक सून

उत्तर

तुमच्या पुतण्याचा नियम चांगला आहे. अर्धवट आहे, पण चांगला आहे, आणि काकांशी बोलण्याआधी हे तुमच्या स्वतःच्या मनात पक्कं असू द्या.

चौघांच्या मागे बसून बघताना त्या मुलाला काय दिसलं असेल याचा विचार करा. मेंढीकोटात प्रत्येकाला तेरा पानं येतात. त्यांतली सात-आठ दुर्री, तिर्री, पंजी, छक्की अशी आली की तो माणूस डावभर नुसती पानं टाकत राहतो. मोठी पानं ज्यांच्याकडे, त्यांचाच खेळ होतो. दुर्री तर हाती आली काय आणि न आली काय, सारखंच. तिलाही काही काम असावं असं त्या मुलाला वाटलं. पत्त्यांच्या काही खेळांत हेच झालेलं दिसतं: कुणीतरी एक हलकं पान उचललं आणि त्याला किंमत दिली.

काकांच्या लाडक्या मेंढीकोटातच बघा ना. दश्शी हे पान तसं पाहिलं तर गुलामाच्याही खाली. एक्का, राजा, राणी, गुलाम, चौघांपैकी कुणीही तिला खातं. तरी सगळा डाव चार दश्शांसाठी चालतो. तीन दश्शा घेतल्या की डाव जिंकला, चारही घेतल्या की कोट. दोन-दोन झाल्या तरच हात, म्हणजे चौघांच्या एकेका पानाची जिंकलेली फेरी, मोजायचे. कधीकाळी कुणीतरी हे ठरवलं आणि बाकीच्यांनी ते मानलं, म्हणून ती मेंढी झाली. हुकमाचंही तेच. एखाद्या घरी पान झाकून ठेवून बंद हुकूम खेळतात. दुसऱ्या घरी ज्याच्याकडे उतारीचं, म्हणजे त्या फेरीत पहिलं उतरलेल्या रंगाचं, पान नाही त्यानं टाकलेलं पहिलं पान हाच हुकूम, म्हणजे कट हुकूम. दोन्ही घरची माणसं आपलाच मेंढीकोट खरा असं मानतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

आपल्याकडे तीनशे चार खेळणारी जुनी माणसं अजून आहेत. त्या खेळात गुलामाचे ३० गुण आणि नव्वीचे २०. एक्का त्यांच्या खाली, ११. दश्शीचे १०, राजाचे फक्त ३ आणि राणीचे २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४, म्हणून नाव तीनशे चार. राजाला गुलामाच्या एवढं खाली बसवणारा हा खेळ मोठमोठी माणसं बोली लावून, कपाळाला आठ्या घालून खेळतात. त्याला पोरखेळ म्हणायची कुणाची छाती होत नाही.

तुमच्या अगदी जवळ, सावंतवाडीत, तर याहून सुंदर उदाहरण आहे. तिथल्या दशावतारी गंजिफात, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या पत्त्यांत, १२० गोल पानं असतात. मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. राजा आणि प्रधान सगळीकडे वरच राहतात. त्यांच्या खाली मात्र निम्म्या अवतारांत दहा सर्वांत मोठा आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या निम्म्यांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दहा लहान. एका अवतारात निकामी ठरलेलं पान दुसऱ्या अवतारात मान मिळवतं. शिवाय दिवसा खेळायला बसलं की सुरुवात रामाच्या राजाकडे आणि रात्री बसलं की कृष्णाच्या राजाकडे. उजेड-अंधार बघून नियम बदलणारा खेळ आपल्या आजा-पणजांनी खेळलेला आहे. विसाव्या शतकात ही कला मोडकळीला आली तेव्हा तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ती पुन्हा उभी केली आणि आजही तिथं ही पानं हातानं रंगवली जातात. काकांना आणि पुतण्याला एकत्र तिकडे पाठवा. दोघांनाही एकाच वेळी नवं काही बघायला मिळेल आणि त्यात कुणी कुणाला शिकवण्याचा प्रश्नच येणार नाही.

आता काकांच्या बाजूनं थोडं बोलते, कारण त्यांचा राग मला पटतो. मेंढीकोट हा लक्षात ठेवण्याचा खेळ आहे. कुणाच्या हातून काय गेलं, चौकटची दश्शी कुणी दाबून ठेवली असेल, भिडूनं तिर्री का टाकली, हे सगळं काकांच्या डोक्यात चालू असतं. एवढ्या वर्षांची ती कमाई आहे. चालू डावाच्या मध्ये एखादा म्हणतो, आता दुर्री मोठी. म्हणजे आजवर जे लक्षात ठेवलं ते फुकट गेलं असं त्यांना वाटणार. आणि पुतण्याचा नियम जसा मांडला गेला तसा खरंच फुकट घालवणारा होता. कुठलीही दुर्री कुठल्याही एक्क्याला मारू लागली तर अंदाज बांधायला जागाच उरत नाही.

म्हणून तो नियम थोडा आवळा. बदामाचा एक्का फक्त बदामाच्या दुर्रीनं मरेल, किलवरचा किलवरच्या. दोन्ही पानं एकाच हातात पडली तरच. त्या हातात एक्का नसेल तर दुर्री पूर्वीसारखीच सर्वांत खाली. हुकमानं मारलं तर हुकूम दोघांच्याही वर. बस, एवढंच.

आता खेळून बघा काय होतं. तुमच्याकडे बदामाचा एक्का आहे, दुर्री नाही. म्हणजे ती उरलेल्या तिघांपैकी एकाकडे आहे आणि तिघांतले दोघं विरोधी. एक्का लगेच उतरवणं धोक्याचं. आधी बदामाची बारकी पानं उतरून दुर्री बाहेर काढायची, तर ज्याच्याकडे ती आहे तो हातातली दुसरी बदामं संपेपर्यंत ती सोडणार नाही. त्याच्याकडे एकच बदाम असेल आणि ते दुर्री असेल, तर पहिल्याच उतारीला पडेल आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतील. कधी आपल्याच भिडूला आपल्या एक्क्यावर दुर्री टाकावी लागेल, पण हात घरातच राहील. आजवर कुणी बघत नव्हतं ती चार पानं आता सगळ्यांना लक्षात ठेवावी लागतील. हे ज्याला सर्वांत चांगलं जमेल तो माणूस तुमच्या घरात कोण आहे? काकाच. त्यांना हे असं सांगा. त्यांचं कसब वाया जात नाही, त्याला वरचं काम मिळतं.

सांगायचं कसं, तेही महत्त्वाचं. पडवीत सगळ्यांसमोर नको. गणपती यायच्या आधी, गणपतीच्या वरची माटवी बांधायची तयारी चालली असेल किंवा नारळ सोलत बसले असतील तेव्हा एकट्यानं गाठा. "काका, हा नियम कुठं फुटतो ते तुम्हीच बघून सांगा," म्हणा. ज्याला खेळ येतो त्याला पळवाटा दिसतात, आणि नव्या नियमाला पळवाटा बुजवणारा माणूस हवाच असतो. दुर्री आधी पडली आणि एक्का नंतर पडला तर काय? हुकमाच्याच रंगात दुर्री-एक्का आले तर काय? असले प्रश्न काकाच काढतील. त्यांनी दुरुस्त केलेला नियम पुतण्याच्या नावानंच राहू द्या. नाव बदललंत तर तो मुलगा परत येणार नाही.

घरात काही गोष्टी आधी ठरवून टाका. नियम पानं वाटायच्या आधी सांगायचा. पान उचलल्यावर कुणाचंही ऐकायचं नाही. एका वेळी एकच बदल. आणि रोज पहिले काही डाव जुन्या मेंढीकोटाचे, काकांना हवे तसे, नवा डाव त्यानंतर. तीन-चार डावांत मजा आली नाही तर तो नियम सोडून द्यायचा, त्यावर भांडायचं नाही. सुचलेले नियम एका वहीत लिहून ठेवा. मुलं मे महिन्यात परत आली की तीच वही आधी मागतील.

अकरा माणसांत चौघंच खेळतात, ही मला मुख्य अडचण वाटते. मुलं मोबाइलकडे जातात याचं कारण त्यांना बसायला जागाच नसते, आणि अशा वेळी त्यांना रागावून काही होणार नाही. दोन जोड आणा आणि दोन फड मांडा. एकीकडे चौघांचा मेंढीकोट. दुसरीकडे पाच जणांसाठी पाच-तीन-दोनचं वाढवलेलं रूप. मूळ खेळ तिघांचा, ३० पानांचा, सगळ्यांना येतो. पाच जणांसाठी ५२ पानांतून दोन लाल दुर्र्या काढा, ५० उरतात, प्रत्येकी दहा. हात एकूण दहा. ते असे वाटून घ्या: चार, तीन, दोन, एक आणि शून्य. पहिली पाच पानं बघून चारवाला हुकूम सांगेल आणि उतारीही तोच करेल. पुढच्या डावात प्रत्येक जण एकेक जागा सरकेल.

शून्यवाल्याची जागा ही सगळ्यांत मजेची. त्यानं एकही हात करायचा नाही. त्याच्या हाती सगळी फालतू पानं आली तर तो खूश, आणि एक्का-राजा आले तर त्याला घाम फुटतो, कारण रंग पाळावाच लागतो. ज्यांचे हात पुरे झाले ते उरलेले हात त्याच्या गळ्यात मारायला टपलेले असतात. जास्त हात केलेल्यानं कमी पडलेल्याकडून पुढच्या डावात पानं ओढायची ही जुनी पद्धत तशीच ठेवा, फक्त शून्यवाल्याला ती उलटी लावा: त्याच्याकडे जेवढे हात आले तेवढी पानं कमी पडलेले लोक त्याच्याकडून ओढतील. नव्यानं शिकणाऱ्या लहान मुलाला पहिल्या डावाला याच जागी बसवा. वाईट पानं आली म्हणून हिरमुसण्याचं त्याला कारणच राहत नाही.

मेंढीकोट मुरल्यावर एक दिवस गंजिफाची तऱ्हा घ्या. लाल पानं नेहमीसारखी. काळ्या पानांत एक्का, राजा, राणी, गुलाम वरच, पण त्यांच्या खाली दुर्री, मग तिर्री, असं उतरत दश्शी सगळ्यात तळाला. एवढ्यानं मेंढीकोट केवढा बदलतो! लाल दश्शी वरची चार पानं गेल्यावर स्वतःच्या जोरावर हात करू शकते. काळी दश्शी हुकूम नसेल तर कुणालाच मारू शकत नाही, तिला भिडूच्या एक्क्याखाली किंवा हुकमाखाली लपवूनच घरी आणावं लागतं. दोन मेंढ्या सोप्या, दोन अवघड. ज्या दिवशी हे खेळाल त्या दिवशी दुर्री-एक्क्याचा नियम बंद ठेवा, नाहीतर गोंधळ होईल.

आणि भाद्रपदात कोकणात वीज जातेच, तर तिचाही नियम करून टाका. चालू डावात वीज गेली की त्या डावापुरता हुकूम रद्द. बॅटरी नाहीतर कंदील आणायचा आणि उरलेली पानं बिनहुकमाची खेळायची. झालेले हात तसेच राहतील. मुलं या नियमासाठी पावसाची वाट बघतील.

सासऱ्यांसाठी पहिला उपाय साधा आहे: मोठ्या अंकांचे पत्ते दुकानात मिळतात, ते आणा, आणि दिवा त्यांच्या पाठीमागून येईल असं बसवा. तरीही दिसत नसेल तर एक जागा दोघांची करा. पानं नातवंडाच्या हातात, आजोबा शेजारी. कुठली पानं आहेत ते त्यानं कानात सांगायचं आणि खेळायचंही त्यानंच, फक्त प्रत्येक डावात एकदा आजोबा "थांब" म्हणू शकतील. मग त्या वेळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे पान बदलायचं. थांब एकदाच म्हणता येतं, त्यामुळे आजोबा ते जपून वापरतात आणि मुलाला स्वतःचं डोकं चालवायला लागतं. ही जागा मेंढीकोटाच्या फडात ठेवा आणि भिडू म्हणून समोर काकांना बसवा. दोन भावांना पुन्हा समोरासमोर खेळायला मिळेल.

पाच जणांचा फड, चौघांचा फड, त्यात एका जागी दोघं, म्हणजे दहा माणसं झाली. अकरावं माणूस बहुधा तुम्हीच असाल. सगळ्या पत्रात कोण खेळतं, कोण उठून जातं, कोण बघतं हे आलंय, तुमची स्वतःची पानं मात्र कुठंच दिसली नाहीत. भजनाला आलेल्या मंडळींचा चहा, उसळ, मग उद्याच्या नैवेद्याची तयारी, यात रात्र जाते हे मला ठाऊक आहे. तर हाही नियम वहीत लिहा: पाचांच्या फडात ज्याचा हिशोब सर्वांत जास्त चुकला, तो पुढचा एक डाव बाहेर बसून चहा करेल आणि त्याच्या जागी अकरावं माणूस बसेल. दीर असोत की जाऊबाई असोत, सगळ्यांना सारखा. पहिल्या रात्री पहिल्या डावाला मात्र तुम्ही बसाच. खेळ तुम्ही काढलाय, तो चालतो कसा हे स्वयंपाकघरातून कळणार नाही.

मे महिन्यासाठी एक तऱ्हा आताच सांगून ठेवते, कारण तेव्हा मुलं जास्त असतात. बदाम सात तर सगळ्यांना येतो. सातापासून सुरुवात झाली की वर सहा पानं, खाली सहा, दोन्ही बाजू सारख्या. ज्याच्याकडे डावाच्या शेवटी सर्वांत जास्त पानं उरली त्याला पुढच्या डावाचं सुरुवातीचं पान ठरवू द्या. तो म्हणाला पाच, तर चारही रंग पंजीपासून लागतील. वर आठ पानं, खाली चारच. मग राजा-राणीवाले अडकतात आणि एक्का-दुर्रीवाले झटपट सुटतात. म्हणाला दहा, तर उलटं. हरलेल्याच्या हातात पुढचा डाव येतो, त्यामुळे हरल्यावर रडून उठून जाणारी मुलंही बसून राहतात.

राहिला दिरांचा पैशांचा मुद्दा. याला मात्र स्पष्ट नाही म्हणा. गणपतीच्या जागरणात दोन-दोन रुपयांनी सुरू झालेले डाव मध्यरात्रीपर्यंत कुठं पोचतात हे कोकणातल्या गावागावांनी बघितलंय, आणि त्यात मोडलेली घरंही बघितली आहेत. पैसे आले की मुलं आणि म्हातारी माणसं आपोआप बाहेर होतात, पुन्हा चौघंच उरतात, आणि तुमची सगळी खटपट तर त्या उरलेल्या सातांसाठी आहे. दिरांना चुरस हवी असेल तर गुणांचा हिशोब त्यांच्याकडे द्या आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री सर्वांत जास्त गुण असलेल्याला दुसऱ्या दिवशी काय रांधायचं ते ठरवू द्या. गुणांसाठी चिंचोके घ्या. काजूच्या बिया घरात पडलेल्या असतात म्हणून कुणी त्याच काढेल, पण त्यांच्या सालीतल्या तेलानं कातडी भाजते, लहान मुलांच्या हाती त्या नकोत. अकरा माणसांना शेर-दीड शेर चिंचोके पुरतील. आताच धुऊन वाळत घाला, एकदा पावसाची झड लागली की वाळायचे नाहीत.